वावर इथं, कॉम्प्युटर तिकडं

आमच्या घरी नेटवर्क खाली येत नाही, स्लॅबवर येतं. तेही पाण्याच्या टाकीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यातच. तिथं मी एक जुनं स्टूल नेऊन ठेवलंय. स्टुलावर मोबाईल, त्याचं हॉटस्पॉट चालू, आणि मी जिन्याच्या आडोशाला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. पहाटे साडेपाच ते साडेसात हा माझा कामाचा वेळ. तेव्हा गाव मोबाईलवर नसतं, नेट मोकळं मिळतं. साडेसात वाजले की सगळे जागे होतात आणि माझ्या पडद्यावरचा बाण बोटाच्या मागं मागं रेंगाळायला लागतो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मी भूगोलात पीएच.डी. करते. उपग्रहाच्या चित्रांवरून लहान लहान वावरांतली पिकं ओळखता येतात का, पराटी (म्हणजे कपाशी) कुठं, सोयाबीन कुठं, तूर कुठं, हे पाहणं हा माझा विषय. पहिली दोन वर्षं होस्टेलला राहून केली. मग बाबांच्या पायाचं ऑपरेशन झालं. सहा एकर वावर, दोन बैल, घरात आई एकटी. मी सामान बांधून गावी आले. गाईड म्हणाले, "ये-जा करत जा, बाकीचं काम विद्यापीठाच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर होईल." तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आज दीड वर्ष झालं. या काळात जे शिकले ते सविस्तर लिहितेय, कारण माझ्यासारखी गावाकडून शिकणारी मुलं-मुली बरीच आहेत, आणि हे कोणी नीट समजावून सांगत नाही.

आधी अडचण काय होती ती सांगते. मी सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांची चित्रं वापरते. दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी एकाच जागेचं चित्र घेतात आणि ते कोपर्निकस या युरोपच्याच उपक्रमाच्या पोर्टलवर कोणालाही फुकट मिळतं. चित्राचा एक तुकडा म्हणजे सुमारे ११० किलोमीटर लांब नि तेवढाच रुंद चौकोन. जमिनीवरचे १० मीटर बाय १० मीटर म्हणजे चित्रातला एक ठिपका. एका एकरात असे चाळीसेक ठिपके बसतात. आमचं सहा एकराचं वावर म्हणजे तिथं अडीचशेच्या आतबाहेर ठिपके, बस. पण अख्ख्या तुकड्यात १०,९८० गुणिले १०,९८०, म्हणजे १२ कोटींहून जास्त ठिपके होतात, आणि असे वेगवेगळ्या रंगपट्ट्यांचे थर. एका तारखेची फाईल एक जीबीच्या घरात जाते. मला जूनपासून जानेवारीपर्यंतच्या पंधरा-वीस तारखा लागतात. माझ्या मोबाईलवर दिवसाला दीड जीबी. लॅपटॉपला रॅम चार जीबी. एक चित्र उघडलं की पंखा घुंघुं करतो आणि पडदा गोठतो. गावी राहून हे काम होणार नाही असंच मी धरून चालले होते.

व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये होतं काय, तर खरा कॉम्प्युटर विद्यापीठाच्या सर्व्हरवर असतो. विंडोज तिथं, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर तिथं, फायली तिथं, इंटरनेटही तिथलंच. माझ्या लॅपटॉपवर येतं ते फक्त त्याच्या पडद्याचं चित्र, आणि माझ्याकडून जातात ते माऊसचे क्लिक आणि कीबोर्डची बटणं. म्हणजे एक जीबीची फाईल उतरवायला लावली तर ती विद्यापीठाच्या लाईनवर उतरते, आमच्या स्लॅबवरच्या हॉटस्पॉटवर नाही. पहिल्यांदा मी डाउनलोडची हिरवी पट्टी सरसर भरताना पाहिली तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. मोबाईलचा डेटा उघडून पाहिला, तर जेमतेम काही एमबी गेले होते.

आता जोडणीबद्दल. आमच्याकडे आधी व्हीपीएन लावावं लागतं, म्हणजे तुमचा लॅपटॉप विद्यापीठाच्या जाळ्यात असल्यासारखा धरला जातो. मग विंडोजमधलं रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडायचं, सर्व्हरचं नाव टाकायचं, आयडी-पासवर्ड द्यायचा. काही विद्यापीठांत हेच ब्राउझरमधून होतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. माझी गाडी अडली ती व्हीपीएनच्या ओटीपीवर. कोड एसएमएसने यायचा. स्लॅबवर डेटा चालतो पण एसएमएस मात्र मन मानेल तेव्हा येतो. कोड येईस्तोवर त्याची मुदत संपलेली. पुन्हा मागवा, पुन्हा तेच. तीन पहाटा अशा गेल्या. चौथ्या दिवशी विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरमधल्या एका सरांना फोन केला. ते म्हणाले, "एसएमएस सोड, ऑथेंटिकेटर ॲप लाव."

हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते. ऑथेंटिकेटर ॲपला कोड बनवायला नेटवर्क लागतच नाही. पहिल्यांदा एक क्यूआर कोड स्कॅन केला की एक गुप्त किल्ली तुमच्या फोनमध्ये आणि तीच सर्व्हरवर राहते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांचं गणित करून दर ३० सेकंदांनी सहा आकडी नवा कोड तयार होतो. दोन्हीकडे गणित एकच, म्हणून कोडही एकच. विहिरीत उतरून पाहिला तरी कोड दिसेल. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. वेळ हातानं लावलेली असेल आणि ती दोन-चार मिनिटं मागंपुढं असेल तर कोड चुकीचा म्हणून परत येतो. सेटिंगमध्ये वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू ठेवा.

जोडणी झाली, डेस्कटॉप उघडला, १६ जीबी रॅम, क्यूजीआयएस आधीच बसवलेलं. मी दिवसभर बसून नमुन्याची वावरं काढली. म्हणजे चित्रावर एकेका वावराचा धुरा, म्हणजे बांध, धरून आकृती काढायची आणि त्यावर पिकाचं नाव टाकायचं. ते पाहून मशीन शिकतं, की पराटी अशी दिसते, सोयाबीन असं दिसतं. १४० आकृत्या झाल्या. फोल्डर डेस्कटॉपवरच ठेवलं, लगेच डोळ्यासमोर राहावं म्हणून. संध्याकाळी साइन आउट केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उघडलं तर डेस्कटॉप कोरा. फोल्डर नाही. मी बसवलेलं प्लगइन, म्हणजे क्यूजीआयएसला जोडलेली जास्तीची सोय, नाही. क्यूजीआयएसची मी लावलेली मांडणी नाही. रिसायकल बिन रिकामी. मी तासभर नुसती शोधत राहिले, एकेक ड्राइव्ह उघडून. आईनं खालून दोनदा चहाला हाक मारली, मला ओ देता आली नाही.

नंतर कळलं ते असं. आमचा व्हर्च्युअल डेस्कटॉप कायमचा माझा नव्हे. लॉगिन केलं की एका तयार नमुन्यावरून माझ्यापुरता कॉम्प्युटर उभा केला जातो, आणि साइन आउट केलं की तो पुसून टाकतात. पुढच्याला पुन्हा कोरा. सी ड्राइव्हवर, म्हणजे डेस्कटॉपवर नि डाउनलोड्समध्ये जे ठेवलं ते त्याच्याबरोबर जातं. राहतं ते फक्त एच ड्राइव्हवरचं. ती विद्यापीठाच्या सर्व्हरवरची माझ्या नावाची जागा असते आणि दर लॉगिनला ती जोडली जाते. मी मदत-कक्षाला मेल पाठवला तेव्हा उत्तर आलं, की हे सूचना-पुस्तिकेत पान ९ वर दिलेलं आहे. दिलेलं होतं, खरं आहे. पण इतकी मोठी गोष्ट नवव्या पानावर नको. पहिल्यांदा लॉगिन केलं की समोर मोठ्या अक्षरात यायला हवी, कळेल अशा मराठीत. माझा अख्खा दिवस गेला. सोंगणीच्या हंगामात एक दिवस काढणं म्हणजे काय असतं ते शेती असलेल्या घराला विचारावं.

मला मग ते समजलं मक्त्यावरून. आमच्याकडे वावर मक्त्यानं करतात. वर्षाचे पैसे ठरतात, वावर तुमच्या ताब्यात, पेरा, डवरा, काय काढायचं ते काढा. पण जमीन तुमची नव्हे. हंगाम संपला की माल उचलून घरी न्यायचा. मक्त्याच्या वावरात कोणी कोठी बांधत नाही. व्हर्च्युअल डेस्कटॉप हे मक्त्याचं वावर आहे आणि एच ड्राइव्ह ही आपली कोठी. कामाला बसताना आणि उठताना मी आता स्वतःला हेच विचारते, की माल कुठं आहे.

फायलींचं कळलं तरी प्लगइनचं उरलं होतं. दर पहाटे पिकं वर्गवार लावायचं प्लगइन पुन्हा बसवायचं, मराठी फॉन्ट पुन्हा लावायचा, म्हणजे वीस मिनिटं गेली. यावर उपाय निघाला. क्यूजीआयएस आपली प्लगइनं आणि मांडणी एका प्रोफाइल फोल्डरमध्ये ठेवतं. एरवी ते फोल्डर सी ड्राइव्हवर असतं, पण सुरू करतानाच त्याला प्रोफाइलचा वेगळा रस्ता सांगता येतो. मी एच ड्राइव्हवर एक शॉर्टकट करून ठेवला. त्याच्या गुणधर्मांत, प्रोग्रामच्या नावापुढं --profiles-path असं लिहून एच ड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता जोडला. आता त्या शॉर्टकटनं उघडलं की सगळं जिथल्या तिथं. आर ही आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्यांनी पॅकेजेसची लायब्ररी अशीच एच ड्राइव्हवर न्यावी. या कशालाच ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण तो आपल्याला मिळत नाही. नवं सॉफ्टवेअर बसवायला गेलं की पासवर्डची खिडकी येते आणि तिथंच थांबावं लागतं. मागणी पाठवली तर ते पुढच्या सत्राच्या नमुन्यात घालतात. म्हणून जे लागणार आहे त्याची यादी सत्र सुरू व्हायच्या आधीच द्यावी.

एच ड्राइव्हवर जागा मोजकी असते. एकेक जीबीची चित्रं साठवली तर महिन्यात भरून जाते. पण मला अख्खा ११० किलोमीटरचा तुकडा कुठं हवाय? मला माझी तीन गावं हवीत. सहा किलोमीटर बाय सहा किलोमीटर, म्हणजे ६०० गुणिले ६००, अवघे ३ लाख ६० हजार ठिपके. तेवढाच भाग तिकडंच कापून घेतला तर एका रंगपट्ट्याची फाईल एक एमबीच्याही आत येते. ती एचवर ठेवायची नि मूळ चित्र सोडून द्यायचं. ही एक एमबीची फाईल मी सहज इकडं लॅपटॉपवर आणू शकते. नेट नसलं तरी माझा चार जीबीचा लॅपटॉप तिच्यावर काम करतो. या एका गोष्टीनं माझं काम खरं मार्गी लागलं. जड काम तिकडं, कापून हलकं केलेलं इकडं.

नोव्हेंबरातली गोष्ट. तीन गावांचं पहिलं वर्गीकरण लावलं होतं, १२ तारखांची चित्रं एकावर एक. चाळीस मिनिटं लागणार असं दिसत होतं. पंधरा मिनिटं झाली आणि लाईन गेली. त्या दिवशी मी दुपारी खाली खोलीत बसले होते, लॅपटॉपची बॅटरी जुनी, वायर निघाली की पाच मिनिटांत बंद पडतो. पडला. आई दारात येऊन म्हणाली, "लाईन गेली वं पोरी, आता कसं करशीन?" मला काही बोलवेना. काम अर्ध्यात मोडलं, पुन्हा पहिल्यापासून, असंच वाटलं. मग कापूस वेचायला बाया आल्या होत्या, मीही ओटीत कापूस घेत तासावर गेले. मन लागलं नाही.

साडेतीन तासांनी लाईन आली. जोडलं, तर समोर माझंच सत्र, जसं सोडलं तसं, आणि क्यूजीआयएसच्या खिडकीत वर्गीकरणाचा नकाशा तयार होऊन पडलेला. तुरीला नारंगी, पराटीला हिरवा, कापलेल्या सोयाबीनला फिकट पिवळा, आणि मधून अडाण नदीचा काळा पट्टा. इकडं अंधार झाला म्हणून तिकडचं मशीन थांबलेलं नव्हतं. मी तो नकाशा पाहत किती वेळ बसले कुणास ठाऊक.

इथं दोन शब्द नीट समजून घ्या. डिस्कनेक्ट म्हणजे फक्त पडदा बंद, तिकडचं काम चालू. साइन आउट म्हणजे सगळं बंद आणि, आमच्यासारख्या ठिकाणी, सगळं पुसलेलं. लांबचं काम लावून उठायचं असेल तर खिडकी नुसती बंद करा, साइन आउट करू नका. पण डिस्कनेक्ट झालेलं सत्रही ते कायम ठेवत नाहीत. आमच्याकडे चार तासांनी ते आपोआप साइन आउट होतं, कारण तीच जागा दुसऱ्याला द्यायची असते. मी हे मागाहून विचारलं. त्या दिवशी लाईन आणखी तासभर उशिरा आली असती तर तो नकाशा मला दिसला नसता. म्हणून रात्रभर चालणारं काम मी लावत नाही. तुकडे पाडते, एकेक तारीख वेगळी, आणि प्रत्येक तुकड्याचा निकाल थेट एच ड्राइव्हवर उतरेल असं आधीच सांगून ठेवते. तुमच्याकडे किती तास आहेत ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

वेग हा गावाकडचा कायमचा प्रश्न. लोकांना वाटतं एमबीपीएस जास्त म्हणजे काम भराभर. डाउनलोडला ते खरं आहे. व्हर्च्युअल डेस्कटॉपला जास्त त्रास होतो तो क्लिक तिकडं जाऊन चित्र परत यायला लागणाऱ्या वेळाचा. आकृती काढताना मी टोकावर क्लिक करते आणि ठिपका अर्ध्या सेकंदानं उमटतो. तेवढ्यात हात पुढं गेलेला असतो, धुरा वाकडा पडतो. म्हणून आकृत्या काढायचं काम मी आता इकडंच, त्या कापलेल्या लहान चित्रावर करते, आणि तयार फाईल तिकडं पाठवते. रिमोट डेस्कटॉपच्या लोकल रिसोर्सेसमध्ये आपल्या लॅपटॉपच्या ड्राइव्हवर खूण केली की तो तिकडं दिसायला लागतो. लहान फायली अशा सरळ ओढून टाकता येतात. मोठी फाईल मात्र याच बारीक नेटवरून जाते हे लक्षात ठेवा.

बाकी थोडं. जोडण्याआधी एक्सपिरियन्सच्या पानावर जाऊन मागची पार्श्वभूमी आणि खिडक्यांच्या हलत्या करामती बंद करा. रंग ३२ बिटवरून १६ बिटवर आणले की हलकं पडतं, पण मी तसं करत नाही. १६ बिटांत ६५,५३६ छटाच मावतात, आणि माझं काम हिरव्याच्या बारीक छटांवर आहे, त्या सलग दिसायच्या ऐवजी पट्टे पट्टे दिसतात. त्यापेक्षा पडद्याचा आकार लहान घ्यावा. क्यूजीआयएसमध्ये नकाशा ओढत ओढत फिरू नका, दर हालचालीला पूर्ण चित्र पुन्हा पाठवावं लागतं. मी तिन्ही गावांच्या जागांना खुणा करून ठेवल्यात, त्यावरून थेट उडी मारते. आणि खाली रेंडरची चौकट असते, तिची खूण काढली की थर चढवताना नकाशा सारखा रंगत बसत नाही.

मराठीबद्दल लिहायलाच हवं, कारण माझी सगळी माहिती मराठीत आहे. वावरात फिरताना मी फोनवर क्यूफील्ड हे नकाशाचं ॲप वापरते, ते नेट नसतानाही जीपीएसवर चालतं. तिथं शेतकऱ्यांनी सांगितलं तसं लिहिते, "सोयाबीनमदी तूर", "पराटी, मागास". तिकडच्या डेस्कटॉपवर थेट मराठी टाईप करणं अवघड जातं, कारण आपण पाठवतो ती बटणं, अक्षर कोणतं उमटायचं ते तिकडच्या कीबोर्डवर ठरतं, आणि तो दर वेळी इंग्रजीवर गेलेला असतो. मी इकडं नोटपॅडमध्ये लिहून तिकडं पेस्ट करते, ते बिनबोभाट जातं.

दुसरा घोटाळा शेपफाईलचा, म्हणजे नकाशातल्या आकृत्या नि त्यांची माहिती साठवायच्या फाईलच्या एका प्रकाराचा. जुनी पद्धत म्हणून सगळे तीच वापरतात. तिच्यात रकान्याच्या नावाला फक्त दहा बाइट जागा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं, देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेतं. म्हणजे तीन चिन्हांत जागा संपली. "गाव" हा रकाना नीट राहिला. "शेतकरी" या रकान्याचं झालं "शेत". शेतकरी कापला जाऊन नुसतं शेत उरलेलं पाहून मला कसंसंच झालं. तेव्हापासून मी सगळं जिओपॅकेज या दुसऱ्या प्रकारात ठेवते. एकच फाईल, नाव कितीही लांब, मराठी शाबूत. शेपफाईलच्या तीन-चार फायलींपैकी एखादी न्यायची राहून जाण्याचाही प्रश्न नाही.

यवतमाळ जिल्ह्यात काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. नकाशासाठी पृथ्वी सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांत वाटलेली आहे. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांश हा ४३ वा पट्टा, ७८ ते ८४ हा ४४ वा. ती ७८ अंशांची रेघ आपल्या जिल्ह्यातून जाते. दारव्हा तिच्या पश्चिमेला, यवतमाळ शहर पूर्वेला. माझं तिसरं गाव यवतमाळच्या बाजूचं. दोन्हीकडची चित्रं मी एकत्र हिशोबात घ्यायला गेले तर ठिपके जुळेनात. क्यूजीआयएस पडद्यावर ती जुळवून दाखवतं, म्हणून चूक दिसत नाही. आधी सगळी चित्रं एकाच पट्ट्यात आणावी लागतात. मी ४३ वर आणली.

चुलतभावाचं दारव्ह्याला ऑनलाइन कामांचं दुकान आहे. त्याला घराच्या नकाशांसाठी महागडं सॉफ्टवेअर हवं होतं, ते आमच्या डेस्कटॉपवर आहे. त्यानं लॉगिन मागितलं. मी दिलं नाही. ते परवाने शिकणाऱ्यांसाठी असतात, धंद्यासाठी नसतात, आणि माझ्या नावावर काही घडलं तर दार माझंच बंद होईल. तो थोडा नाराज झाला, पण समजला.

गेल्या महिन्यात मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, स्लॅबवर आले. गुडघे धरत जिना चढले, माझ्या शेजारी बसले. "मले दाखव, आपलं वावर कोनतं हाय याच्यात?" मी नकाशा मोठा केला. त्यांचं नाल्याकडचं पाच एकर हिरवं दिसत होतं. मशीनच्या लेखी पराटी.

ते वाकून पाहत म्हणाले, "पराटी? यंदा आपन पराटी पेरलीच नाही तिकडं. सोयाबीन होतं. आता त्याच्यातली तूर उभी हाय."

बरोबर होतं. आमच्याकडे सोयाबीनच्या मधे तुरीची तासं टाकतात. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, तूर उभी राहते, डिसेंबरात भर फुलात येते. वरून पाहणाऱ्याला डिसेंबरात हिरवं वावर दिसतं आणि हिरवं म्हणजे पराटी असं माझं मशीन धरून बसलं होतं. मी नमुन्यांत सलग तूर घेतली होती, सोयाबीनमधली घेतलीच नव्हती. नऊ दिवस मोठेबाबांच्या संगतीनं वावरं हिंडले. ते धुऱ्यावर उभे राहून बोट दाखवायचे, मी फोनवर खूण करायची. कोणाचं नुसतं सोयाबीन, कोणाचं तूरवालं, कोणी पराटीतच तूर घातलेली. ४१ नवे नमुने झाले. मग तारखांचा उतार-चढाव लावून पाहिला. पराटीचा हिरवेपणा ऑक्टोबरभर टिकून राहतो. सोयाबीन-तुरीचा ऑक्टोबरात एकदा एकदम उतरतो आणि नोव्हेंबरात पुन्हा चढायला लागतो. एकाच तारखेच्या चित्रात हे कधीच दिसलं नसतं.

नवा वर्ग घातला, "सोयाबीन-तूर", पूर्ण नाव, जिओपॅकेजमध्ये. पहाटे साडेपाचला काम लावलं, खिडकी बंद केली, बैलांना पाणी दाखवून आले. साडेसहाला जोडलं. नाल्याकडचं पाच एकर हिरव्याचं जांभळं झालं होतं.

मोठेबाबांना वर बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेले, आपलं वावर पाहून मान हलवली. मग शेजारच्या वावरावर बोट टेकवलं.

"आता हे पाय. हे बी चुकलं हाय. इथं पराटी होती, रोही घुसले, अर्धं मोडून हरभरा टाकला त्यानं."

फाईल एचवर ठेवली, वहीत ते वावर लिहून घेतलं. दुपारी तिकडं जाऊन खूण करून येणार आहे.